यंदा कुरडया नाहीत

दादा गेल्यावर भेटायला येणारा प्रत्येक माणूस चपला काढता काढता एकच चौकशी करायचा. "पोरगा रडला का?"

विचारणारे मायेचेच होते. कुणी दारातच मला गाठलं, कुणी आत जाऊन वहिनीला विचारलं. लांबच्या एका काकांनी तर थेट त्यालाच जवळ ओढलं. "रडलास का रे बाळा? रड. मोकळा हो." अकरा वर्षांचा माझा भाचा, डोक्याचा ताजा गोटा केलेला, "हो, रडलो," म्हणाला आणि काकांना पाण्याचा पेला आणून दिला. खोटं होतं ते. तो रडला नव्हता.

2018 चा मार्च. नाशिकला, राहत्या घरी. दादा 44 वर्षांचा. रात्री जेवला, बातम्या बघितल्या, झोपला आणि सकाळी उठला नाही. चहा झाला म्हणून उठवायला गेला तो हाच. मी इतकंच लिहू शकते, कारण आम्हाला इतकंच ठाऊक आहे. त्या खोलीत त्याने किती हाका मारल्या, हात लावून पाहिला का, हे त्याने आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मीही आता विचारत नाही.

नंतर त्याने पाचवीची परीक्षा दिली, नेहमीसारखे मार्क मिळवले. सगळे म्हणाले, पोरगा खंबीर आहे. त्या शब्दाची मला तेव्हापासून धास्तीच वाटते.

वहिनी बँकेत. तिची रजा संपली आणि नेमकी त्याची सुट्टी सुरू झाली. दिवसभर तो त्या घरात एकटा राहणार, हे तिला सहन होईना. एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी, बँकेला सुट्टी असते त्या दिवशी, ती त्याला घेऊन एसटीने ठाण्याला आली, खोपटच्या स्टँडवर उतरली आणि रविवारी एकटी परत गेली. जाताना म्हणाली, "त्याला खायला घाल फक्त. बाकी काही करू नकोस." मी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून बाकी सगळं करायला लागले.

चरईतली आमची इमारत जुनी, तीन मजली. लिफ्ट नाही, पुनर्विकासाच्या मीटिंगा मात्र वर्षानुवर्षं चालू. वैभव म्हणावं तर एक गच्ची. दर एप्रिलात ही गच्ची माझ्या आईच्या ताब्यात असते. तीन दिवस भिजवलेले गहू, वाटून गाळलेलं सत्त्व, पहाटे पाचला पातेल्यात रटरटणारा चीक, मग सोऱ्या घेऊन दोन जिने वर, जुन्या सुती साड्या अंथरायच्या आणि ऊन तापायच्या आत पांढऱ्याशुभ्र कुरडयांच्या रांगा. त्या वर्षी सोऱ्या माळ्यावरून खालीच आला नाही. घरात माणूस गेलं की वर्षभर पापड-कुरडया घालत नाहीत. आई काही बोलली नाही. शेजारणीने डबा भरून कुरडया आणून दिल्या तेव्हा "कशाला गं" म्हणाली आणि डबा वरच्या फळीवर ठेवून दिला. गच्ची नुसतीच तापत पडली.

घरात आम्ही सगळे पाय न वाजवता चालल्यासारखे वागत होतो. टीव्हीवर विम्याची जाहिरात लागली की नवरा लगेच चॅनल बदलायचा. त्या जाहिरातींत एक बाप असतोच, आणि तो फार वेळ टिकत नाही. माझी लेक, तेव्हा आठवी संपवून नववीत जाणारी, त्याच्यासमोर स्वतःच्या वडिलांना "बाबा" म्हणायचं टाळू लागली. बोलवायचं असेल तर उठून जाऊन खांद्याला हात लावायची. हे आम्ही ठरवून केलेलं नव्हतं. आपोआप झालं, आणि आम्हाला वाटत होतं त्याला कळत नाहीये.

मी तर जास्तच पुढे गेले. कुठेतरी वाचलं होतं की मुलांना बोलतं करावं. एका संध्याकाळी त्याला तलावपाळीला घेऊन गेले. कोपिनेश्वराला नमस्कार केला, भेळ घेतली, मासुंदा तलावाच्या कठड्यावर बसलो. गडकरी रंगायतनमध्ये नाटकाचा प्रयोग असावा, गाड्या लागत होत्या. मी घसा खाकरून सुरुवात केली. "तुला बाबांची आठवण आली ना, की माझ्याशी बोलत जा हं." तो पाण्याकडे बघत होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, "आत्या, त्या बोटीत सात जण आहेत आणि लाइफ जॅकेट पाचच आहेत." मी बघितलं. खरंच पाच होती. आम्ही ती बोट धक्क्याला लागेपर्यंत बघत बसलो आणि घरी आलो. भेळेची पुडी त्याने तशीच धरली होती. पुडीतली शेव पार मऊ पडली होती.

जेवायचा जेमतेम दीड पोळी. झोप तर नव्हतीच. आई हॉलमध्ये दिवाणावर झोपायची, तिच्याखाली त्याची गादी. एका रात्री पाणी प्यायला उठले तर हॉलमधून मोठमोठ्याने घोरण्याचा आवाज. माझी आई घोरत नाही. सत्तरी उलटली, पण घोरत नाही. सकाळी विचारलं, "सर्दी झालीय का तुला?" ती चहा गाळत होती. हळू आवाजात म्हणाली, "रात्री उठून माझ्या नाकापाशी हात धरतो गं. दोनदा, तीनदा. म्हणून घोरते. पडल्या पडल्या ऐकू जातं त्याला, उठायला नको."

गेलेल्या मुलाच्या मुलासाठी ही बाई रात्रभर जागून झोपेचं सोंग करत होती, आणि मी त्याला भेळ खायला घालून बोलतं करायला निघाले होते.

मैदानाचं श्रेय मात्र आमच्यापैकी कुणाचंच नाही. लेक चार वर्षं खो-खो खेळत होती. घरापासून पंधरा मिनिटांवरच्या एका शाळेच्या मैदानावर मंडळाचं उन्हाळी शिबिर चालायचं, आणि तिथे लहान मुलांच्या गटात एक गडी कमी पडत होता. आठ चौकोन आणि बसायला सातच जण. तिने घरी येऊन सरळ सांगितलं, "उद्यापासून चल. पाटीवर बसायला कुणीतरी हवंय." त्याच्या दुःखाचा तिच्या डोक्यात विचारही नव्हता, हे तिने नंतर कबूल केलं. तिला आठवा गडी हवा होता.

तो गेला. का गेला, माहीत नाही. बहुधा नाही म्हणायला जास्त बोलावं लागलं असतं.

पहिल्याच दिवशी मी त्याच्या मागोमाग मैदानावर गेले आणि सरांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. वडील असे असे गेले, मुलगा गप्प असतो, जरा सांभाळून घ्या. सरांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "बरं. उद्या सव्वासहाला पाठवा, खडे वेचायचे असतात." बस्स, एवढंच. मला रागच आला. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, माणसाला काही भावना आहेत की नाहीत.

खडे वेचायचे असतात म्हणजे काय ते मग रोज बघितलं. मातीचं मैदान. सकाळी सगळी पोरं एका ओळीत उकिडवी बसतात आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत जातात. दिसेल तो खडा, काच, बाटलीचं बूच उचलायचं, शर्टाच्या ओच्यात घ्यायचं, कडेला टाकायचं. 27 मीटर लांब, 16 मीटर रुंद. अनवाणी पळायचं, सूर मारायचा, म्हणून कुणाच्या तरी गुडघ्यात जाणारा खडा आधीच काढून ठेवायचा. मग पाणी मारायचं, धूळ बसली की फक्कीने रेषा आखायच्या. पहिले चार दिवस त्याने फक्त हेच केलं आणि चौकोनात बसला. खडे वेचण्यात मात्र कुणाला हार गेला नाही. त्याच्या पट्ट्यात दुसऱ्याला खडा सापडला तर त्याला चालायचं नाही.

डोक्यावर एव्हाना ब्रशसारखे केस आले होते. पोरांनी विचारलंच, "ए, टक्कल का केलंस?" तो म्हणाला, "तिरुपतीला गेलो होतो." लेकीने मला हे घरी येऊन सांगितलं आणि विचारलं, "मी काही बोलू का?" मी म्हटलं, राहू दे. मैदानावर तो तिरुपतीला जाऊन आलेला नाशिकचा मुलगा होता. सगळे त्याला "नाशिक" म्हणायचे. "ए नाशिक, सरक." "नाशिक, पाणी आण." दोन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या अंगावर ओरडत होतं.

ज्यांनी शाळेत खेळून सोडून दिला त्यांच्यासाठी थोडं सांगते. आठ जण दोन टोकांच्या खांबांमधल्या पाटीवर एकाआड एक तोंडं करून बसतात, नववा पळणाऱ्याचा पाठलाग करतो. पळणारा बसलेल्यांच्या मधून कसाही, कुठूनही जाऊ शकतो. पाठलाग करणाऱ्याला ती मुभा नाही. त्याला पाटी ओलांडता येत नाही, एकदा दिशा धरली की खांबाला वळसा घातल्याशिवाय मागे फिरता येत नाही. पळणारा पलीकडे निसटला तर पलीकडे तोंड करून बसलेल्याच्या पाठीवर हात ठेवून "खो" म्हणायचं आणि त्याच्या जागी आपण बसायचं. त्याने मग उठून धरायचं. मी कठड्यावर बसून हे बघत होते आणि मला त्यात भराभर अर्थ दिसायला लागले होते: मागे फिरता येत नाही, पाठीवर हात, वगैरे वगैरे. लिहिणाऱ्या माणसाची ही खोडच. पोराला मात्र त्यात एकच गोष्ट दिसत होती, ती म्हणजे फाउल.

कारण त्याचा "खो" ऐकू येत नव्हता. हात पाठीला लागला पाहिजे आणि शब्द मोठ्याने आला पाहिजे, दोन्ही एकदम. याचा हात लागायचा, ओठ हलायचे, आवाज नाही. समोरचा उठायचा आणि सरांची शिट्टी. पुन्हा मागे. पळणारा तोवर पार दुसऱ्या खांबापाशी. दोनदा झालं, पाचदा झालं, मग पोरं चिडली. "ए नाशिक, तोंडात मूग धरलेस का?" कठड्यावरून उडी मारून खाली जावं आणि त्या पोरांना झापावं असं मला झालं होतं. सर नुसते म्हणाले, "आवाज." पुढच्या वेळी पुन्हा, "आवाज." ते तीन-चार दिवस चाललं. एकदा तो मैदान सोडून बाहेर येऊन बसला, घामाने थबथबलेला, नाकपुड्या फुललेल्या. मला वाटलं, संपलं, उद्यापासून येणार नाही. मी पाण्याची बाटली पुढे केली. तो म्हणाला, "मी बोलतोय खो. त्यांना ऐकूच येत नाही." आणि परत जाऊन चौकोनात बसला.

तो खरंच मोठ्याने "खो" म्हणाला त्या सकाळी मी तिथे नव्हते. मी तेव्हा जांभळी नाक्याला आंब्याच्या पेटीचा भाव करत होते. लेकीने सांगितलं, असा ओरडला की ज्याला खो दिला तो दचकून उठायच्या ऐवजी पुढे पालथा पडला. सगळे हसले. हाही हसला म्हणे.

त्या दिवशी दुपारी त्याने तीन हापूस खाल्ले. आधीचे पंधरा दिवस फोड पुढे केली की "नको" म्हणत होता. दादा आंबा देठापाशी हुंगून निवडायचा, त्याची ती ऐट होती, म्हणून मीही आग्रह केला नव्हता. आज कोपरापर्यंत रस ओघळेस्तोवर बाठा चोखला, मनगट चाटलं, आणि पाय न धुता हॉलमध्ये आडवा झाला. संध्याकाळी पाचपर्यंत हलला नाही. पायाच्या तळव्यांना लाल माती, गुडघ्यावर हळद. आई त्याच्या उशाशी बसून त्याच्याकडे बघत होती. मध्येच तिने वाकून त्याच्या नाकापाशी हात धरला. मी स्वयंपाकघरात निघून गेले.

रात्रीचं घोरणं हळूहळू बंद झालं. आईला उगाच जागं राहायची सवय लागली होती, ती मात्र गेली नाही. ती पोळ्या मोजायची. मोठ्याने नाही. पण कणकेच्या डब्यातलं मापटं वाढत गेलं, हे मला दिसत होतं. दीडाच्या अडीच, मग चार. मे महिना अर्धा झाला तेव्हा रात्री पाच पोळ्या आणि वर भात.

आईने आणखी एक गोष्ट केली. दादा गेल्यापासून जो तो त्याला देवमाणूस म्हणत होता. मीसुद्धा. आईने जेवताना सहज सुरुवात केली, "तुझा बाप कसला पळतोय! शाळेत खो-खोत घेतलं होतं एकदा. पहिल्याच खोला धरला." पोराने मान वर केली. मग रोज एक यायचं. बाप गणितात नापास झाला ते, प्रगतिपुस्तकावर सही स्वतःच ठोकली ते, माझ्या गल्ल्यातले पाच रुपये काढून राजमाताचा वडापाव खाल्ला आणि नाव मांजरावर घातलं ते. "मांजर पैसे कसे नेईल?" हा. "तेच तर मी विचारलं," आई. तो हसता हसता ठसकला. मला वाटतं देवमाणूस होता तो दादा त्याचा नव्हता. तो सगळ्यांचा होता. हा पाच रुपये चोरणारा त्याला कामाचा होता.

त्याच सुमारास एकदा नवऱ्याने आतून लेकीला हाक मारली. ती सवयीने न बोलता उठायला लागली. हा पुस्तकातून मान न काढता म्हणाला, "ताई, बाबा बोलावतायत तुला. ओ दे की." घरात एक क्षण पंखाच काय तो ऐकू आला. मग लेक जोरात ओरडली, "आले बाबा!"

वहिनी दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी यायची. मेच्या चौथ्या शनिवारी ती घरी न येता आधी मैदानावर गेली. मी गेले तेव्हा ती गेटाआड उभी होती, आत न जाता. तो चौकोनात बसला होता, एक गुडघा वर, पंजे रोवलेले, हात जमिनीला टेकलेले, मान पळणाऱ्याच्या मागे वळतेय. कुणीतरी मागून येऊन त्याच्या पाठीवर थाडकन हात मारला. वहिनी दचकली. त्या दोन महिन्यांत त्याच्या पाठीवरून इतके हात फिरले होते, आणि दरवेळी तो खांदे आवळून घ्यायचा. इथे हात पडायच्या आत उठलाच जवळजवळ. "उठला! फाउल!" शिट्टी. "अगं, उठलाच की," वहिनी माझा दंड धरून म्हणाली, आणि आम्ही दोघी गेटापाशी वेड्यासारख्या हसलो. मग ती रडली. दादा गेल्यापासून तिला रडायला कुणी "रड" म्हटलं नव्हतं, सगळे पोरालाच म्हणत होते.

संध्याकाळचा सराव गच्चीवर होऊ लागला. मोकळीच होती. वॉचमनने फाटक रंगवून उरलेला पांढरा ऑइलपेंट दिला आणि ताई-भावाने मिळून आठ चौकोन रंगवले, गच्चीच्या मापाने जवळजवळ. खांबाच्या जागी पाण्याच्या टाकीचा पाइप. तिसऱ्या मजल्यावरून तक्रार आली, छत हादरतं म्हणून. सेक्रेटरींनी लेखी नोटीस दिली, "सामायिक जागेचे विद्रूपीकरण". मी जाऊन माफी मागितली आणि रंग काढायला टर्पेंटाइन आणते असं सांगून आले. अजून आणतेय.

शिबिराच्या शेवटी जूनमध्ये सामना झाला. आभाळ भरून आलेलं, गरम हवा. सांगायला आवडलं असतं की त्याने सामना काढून दिला. पहिल्या तुकडीत पळायला उतरला, दोघांना छान हूल दिली आणि तिसऱ्याने खांबाजवळ सूर मारून त्याची टाच टिपली. 40 सेकंद. रात्री वहिनीला फोनवर ते 40 सेकंद त्याने वीस मिनिटं सांगितले. कुठल्या पायावर भार होता, कुठे बघायला हवं होतं, सरांनी नंतर काय दाखवलं. मी भांडी विसळत ऐकत होते. एप्रिलपासून एवढी वाक्यं त्याने एका दमात कुणाशी बोललेली मी ऐकली नव्हती.

पुढे तो नाशिकला शाळेच्या संघात खेळला, मोठा खेळाडू वगैरे झाला नाही. 19 जानेवारी 2025 ला दिल्लीत खो-खोच्या पहिल्या विश्वचषकात आपल्या मुलींनी आणि मुलांनी दोन्ही अंतिम सामन्यांत नेपाळला हरवलं, त्या रात्री त्याचा फोन आला. मला वाटलं आनंदाने केलाय. त्याची तक्रार होती. "मॅटवर काय आत्या, सूर मारायला कुणालाही जमेल. खडे कोण वेचतंय?"

दादाचं वर्षश्राद्ध 2019 च्या मार्चला झालं. एप्रिलात आईने माळ्यावरचा सोऱ्या काढायला लावला. पहाटे पाचला घरभर चिकाचा वास, मग जिन्यातून पातेलं वर. तो आदल्या रात्री एकटाच एसटीने आला होता. झोपेतून उठून डोळे चोळत गच्चीवर पोचला तर त्याच्या आठही चौकोनांवर आजीच्या साड्या अंथरलेल्या, आणि साड्यांवर कुरडयांच्या रांगा.

"आजी! मी खेळू कुठे?"

आईने मान वर केली नाही. सोऱ्या फिरवत म्हणाली, "खाली वाटीत चीक काढून ठेवलाय. तेल-मीठ घालून खा आधी, गार होतोय."

तो तक्रार करत खाली आला, वाटी हातात घेतली, पहिल्याच घासाला जीभ भाजली आणि तोंड उघडं टाकून, हा हा करत, माझ्यासमोर स्वयंपाकघरभर नाचला.